लांडगा परतला, पण कुणाच्या दारी?

आल्प्सच्या कुरणात सकाळी एक मेंढी मेलेली सापडते. मेंढपाळ फोन करतो आणि सरकारी माणूस पंचनाम्याला येतो. आधी तो मानेवरच्या जखमेत कापसाचा बोळा फिरवतो. त्यात लाळेतला डीएनए मिळाला, तर मारणारा लांडगा होता की मोकाट कुत्रा हे कळतं. मग सुरीने मानेजवळचं कातडं सोलून आतून बघतो. दातांच्या खुणांभोवती रक्त साकळलेलं असेल, तर चावा बसला तेव्हा मेंढी जिवंत होती. नसेल, तर ती आधीच मेली होती आणि कुणीतरी नंतर येऊन खाल्ली. सुळ्यांमधलं अंतर मोजलं जातं, फोटो निघतात, कागद भरले जातात. हे सगळं चालू असताना मेंढपाळ शेजारी उभा असतो. ती मेंढी जन्मली तेव्हा अनेकदा त्यानेच हात दिलेला असतो. भरपाई मिळेल की नाही, हे मात्र पंचनाम्याचा निकाल आल्यावर.

युरोपात परतलेल्या लांडग्यांबद्दल गावातल्या माणसांना काय वाटतं, हे समजून घ्यायचं तर या पंचनाम्याजवळ थोडं थांबायला हवं. आकडे बघितले तर प्रश्न लहान वाटतो. युरोपीय संघात 2023 मध्ये सुमारे 20,300 लांडगे होते. ते वर्षाला किमान 65,500 पाळीव जनावरं मारतात आणि त्यातल्या जवळपास तीन-चतुर्थांश मेंढ्या-शेळ्या असतात. संघातल्या एकूण मेंढ्या सुमारे 6 कोटी, म्हणजे हजारात एकही भरत नाही. पण सरासरी कुणाच्या वाड्यात शिरत नाही, लांडगा शिरतो. कोंडलेल्या मेंढ्या घाबरून सैरावैरा धावू लागल्या की त्या धावपळीनेच त्याची शिकारीची ऊर्मी पुन्हा पुन्हा चाळवते आणि खाण्याच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त मेंढ्या तो एका रात्रीत मारू शकतो. डोंगरात बुजलेला कळप कड्यावरून कोसळतो. वाचलेल्यांतल्या काही गाभण मेंढ्या गाभडतात. हे नुकसान लांडग्याच्या नावावर सहजासहजी लिहिलं जात नाही.

माणसाच्या जिवाचं म्हणाल, तर गेल्या 40 वर्षांत युरोपीय संघात रानातल्या लांडग्याने माणूस मारल्याची नोंद नाही. तरी घरापासून बसथांब्यापर्यंत मुलाला एकटं पाठवताना आईच्या पोटात गोळा येतो. नॉर्वे-स्वीडनमध्ये तर रागाचं आणखी एक कारण आहे. तिथे मूस हरणाच्या शिकारीला कुत्रे मोकळे सोडतात आणि लांडगे त्यांना मारतात. घरात वाढवलेल्या कुत्र्याचा असा मृत्यू माणसं वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

लांडगा परतला तो बराचसा स्वतःच्या पायांनी. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला इटलीत जेमतेम 100 उरले होते. 1971 मध्ये त्यांच्या शिकारीवर बंदी आली, 1976 मध्ये पूर्ण संरक्षण मिळालं. 1992 मध्ये फ्रान्सच्या मेर्कांतूर राष्ट्रीय उद्यानात दोन लांडगे दिसले. पोलंडकडून जर्मनीत शिरलेल्या जोडीला 2000 मध्ये लाउझित्झ भागातल्या लष्करी सराव क्षेत्रात पिल्लं झाली. 2023-24 मध्ये जर्मनीत 209 टोळ्या मोजल्या गेल्या. लांडग्याची टोळी म्हणजे आई-बाप आणि त्यांची पिल्लं. ती वयात आली की घर सोडतात आणि जोडीदार नि मोकळी जागा शोधत शेकडो किलोमीटर चालतात.

कायद्याबरोबर आणखी एक गोष्ट घडली होती. डोंगरातली माणसं शहरांकडे गेली, पडीक शेतांवर जंगल वाढलं, हरणं आणि रानडुकरं फोफावली. लांडग्याला लपायला जागा आणि खायला भक्ष्य मिळालं. गाव रिकामं होत गेलं, म्हणूनच तो परत येऊ शकला. मागे राहिलेल्याला मात्र तो कसा दिसतो? शाळा बंद झाली, पोस्ट बंद झालं, लोकरीला भाव नाही आणि आता लांडगा. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, अशी गत.

‘हे लांडगे कुणीतरी गाडीतून आणून सोडले’ ही वदंता फ्रान्सपासून नॉर्वेपर्यंत ऐकू येते. विज्ञानाचं उत्तर स्पष्ट आहे. स्लाव्ह्त्स नावाच्या नराच्या गळ्यात 2011 मध्ये स्लोव्हेनियातल्या संशोधकांनी जीपीएस पट्टा बांधला होता. त्या हिवाळ्यात तो निघाला, ऑस्ट्रियातून हजारावर किलोमीटर चालत इटलीतल्या वेरोनाच्या उत्तरेला लेसिनियाच्या पठारावर पोहोचला. तिथे इटालियन वंशाची एक मादी त्याला भेटली. रोमिओ-ज्युलिएटच्या वेरोनाला साजेसं तिचं नाव ठेवलं गेलं जुलिएत्ता. 2013 मध्ये त्यांना पिल्लं झाली. संशोधकांना आनंद झाला. लेसिनियाच्या कुरणांत पिढ्यान्‌पिढ्या गाई चारणाऱ्यांच्या पोटात मात्र धस्स झालं. वदंता खोटी असली तरी तिच्यामागची भावना खोटी नाही, असं मला वाटतं. आपल्याला न विचारता कुणीतरी लांब बसून आपल्या रानाचं ठरवतं, ही ती भावना.

मतदानात ती उघड दिसते. स्वित्झर्लंडमध्ये 27 सप्टेंबर 2020 रोजी लांडगे मारण्याची मुभा वाढवणारा कायदा 51.9 टक्के मतांनी फेटाळला गेला. डोंगराळ प्रांत कायद्याच्या बाजूने होते, मोठी शहरं विरोधात. त्याच वर्षी अमेरिकेतल्या कोलोरॅडोत लांडगे परत आणण्याचा प्रस्ताव 50.9 टक्क्यांनी मंजूर झाला. ज्या पश्चिम भागात ते सोडले जाणार होते, तिथल्या बहुतेक काउंटींनी, म्हणजे जिल्ह्यांनी, नकार दिला होता.

पण ‘गाव विरुद्ध लांडगा’ असं सरळ चित्रही खरं नाही. दहा युरोपीय देशांत 2023 मध्ये झालेल्या पाहणीत 68 टक्के ग्रामीण लोक लांडग्याच्या कडक संरक्षणाच्या बाजूने निघाले. पाहणी प्राणिकल्याण संस्थांच्या महासंघाने करवून घेतली होती, हे ध्यानात ठेवायला हवं. तरी गावात वनपाल राहतात, शिक्षक राहतात, मेंढ्या न पाळणारी कितीतरी घरं असतात. हरणांनी कुरतडलेली रोपं पाहून थकलेल्या वनपालाला लांडगा मदतनीस वाटू शकतो.

सवयीने लोक निवळतील, ही आशा मात्र फोल दिसते. 1976 ते 2012 मधल्या युरोपीय अभ्यासांचा एकत्रित आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. अस्वलाबद्दलचं मत काळाबरोबर सुधारत गेलेलं दिसलं; लांडग्यासोबत जितकी वर्षं जास्त, तितकं त्याच्याबद्दलचं मत वाईट. पैशानेही मन वळत नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये 2003 च्या अभ्यासात भरपाई मिळालेले लोक न मिळालेल्यांपेक्षा अधिक सहनशील आढळले नाहीत. भरपाई हवीच, पण ती मेलेल्या मेंढीची असते; झोप उडालेल्या रात्रींची नसते.

खरा फरक राखणीत आहे. इटलीच्या अपेनाइन डोंगरांत आणि स्पेनच्या वायव्य भागात लांडगा कधीच पूर्ण संपला नव्हता. तिथे मेंढपाळ, रात्रीचा वाडा आणि राखणीचे कुत्रे यांची घडी अनेक ठिकाणी टिकून राहिली. जिथे शंभर वर्षांचा खंड पडला, तिथे ही विद्याच विसरली गेली. नॉर्वेत उन्हाळाभर मेंढ्या राखणदाराविना रानात मोकळ्या सोडतात. अशा ठिकाणी लांडगा आला की मेंढपाळाचं पूर्ण कामच बदलावं लागतं.

विजेचं कुंपण उपयोगी आहे, पण लांडगा उडी मारण्याआधी खालून उकरू पाहतो, म्हणून सगळ्यात खालची तार जमिनीलगत लागते. तिला गवत टेकलं की वीज जमिनीत उतरते. म्हणजे गवत सतत कापायचं. खडकाळ उतारावर खुंट्या आत जात नाहीत आणि चारा संपला की सगळं उपटून पुढच्या कुरणात पुन्हा रोवायचं. अनुदान तारेला मिळतं, या हातांना फारसं मिळत नाही. राखणीचे कुत्रे ठेवले तर ते वाटसरूंवर धावून जातात आणि तक्रार मेंढपाळाच्याच नावावर येते.

युरोपातल्या वन्यजीवांच्या रक्षणासाठी झालेल्या बर्न करारात लांडग्याचा दर्जा ‘कडक संरक्षित’वरून ‘संरक्षित’ करण्याचा बदल मार्च 2025 मध्ये लागू झाला. काही लांडगे मारायला देशांना आता जास्त मोकळीक आहे. गावांना यातून निदान आपलं ऐकलं गेल्याचं समाधान मिळालं. पण उरलेले लांडगे राहणारच आहेत आणि राखणही करावीच लागणार आहे. म्हणून फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये चाललेलं एक काम मला मोलाचं वाटतं. तिथे स्वयंसेवक उन्हाळ्यात कुरणांवर राहायला येतात, कुंपणं रोवायला हात लावतात, रात्री कळपावर पहारा देतात. त्यांतले बरेच शहरातले असतात, लांडगा हवा म्हणणारे. मेंढपाळाला तेवढ्या रात्री झोप मिळते.