कंपनीच्या पेरोलवर की एजन्सीच्या? मुलाखतीतच विचारून घ्यावा असा फरक

मुंबईत कोणी नोकरीला लागले की शेजारीपाजारी विचारतात, «कुठे लागली?» उत्तरात सांगितली जाते ती बसण्याची जागा : बीकेसीतली बँक, पवईतली आयटी कंपनी, अंधेरीतले कॉर्पोरेट ऑफिस. कोणाकडे लागली, म्हणजे कायद्याने तिचा मालक कोण, हे सहसा कोणी विचारत नाही, कारण जी जागा तोच मालक असे सगळ्यांनी गृहीत धरलेले असते. एकाच मजल्यावर, एकाच रांगेत, गळ्यात सारख्याच रंगाची आयकार्डाची रिबीन घालून बसलेल्या दोघींपैकी एक कंपनीच्या पेरोलवर आणि दुसरी मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीच्या पेरोलवर असू शकते, आणि पुढच्या दहा वर्षांच्या स्थैर्याचा विचार केला तर या दोन नोकऱ्या फार वेगळ्या आहेत.

माझ्या भाचीच्या बाबतीत हे मी जवळून पाहिले. «मावशी, बँकेत लागले,» असा तिचा फोन आला आणि रविवारी ती पेढे घेऊन घरी आली. चहा घेताना तिने नेमणूकपत्राचा प्रिंट पुढे केला. वरच्या कोपऱ्यातले बोधचिन्ह बँकेचे नव्हते. नाव एका एजन्सीचे होते. बँकेचा उल्लेख तिसऱ्या परिच्छेदात «आमचे ग्राहक» असा होता, करार अकरा महिन्यांचा होता आणि खाली सहीसुद्धा एजन्सीच्या अधिकाऱ्याची होती. भाड्याच्या घरांमुळे अकरा महिन्यांचा करार म्हणजे काय हे मुंबईकराला वेगळे सांगावे लागत नाही, पण नोकरीच्या कागदावर तो आकडा पाहून तिचा चेहरा उतरला. दोन फेऱ्यांच्या मुलाखतीत हे तिला कोणी सांगितले नव्हते आणि तिनेही विचारले नव्हते.

ऑफिसच्या बोलीत या दोन प्रकारांना «ऑन-रोल» आणि «ऑफ-रोल» म्हणतात. ऑफ-रोललाच कोणी «थर्ड पार्टी पेरोल» म्हणते. ऑन-रोल कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देणारी, पगार देणारी आणि काम सांगणारी संस्था एकच असते. ऑफ-रोलमध्ये काम कंपनी सांगते, पण पत्र आणि पगार एजन्सी देते, रजेचा हिशेबही तिच्याचकडे असतो आणि नोकरी संपवण्याचा अधिकारही कागदोपत्री तिचाच असतो. कंपनीने उद्या सांगितले की आम्हाला आता दहाऐवजी सहाच माणसे हवीत, तर कंपनीच्या दृष्टीने तिने कोणाला काढलेले नसते, फक्त एजन्सीकडची मागणी कमी केलेली असते.

काही गोष्टी दोन्हीकडे सारख्याच असतात आणि त्यांची भीती बाळगू नये. भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू असलेल्या ठिकाणी कर्मचाऱ्याचे १२ टक्के आणि मालकाचे १२ टक्के दोन्ही प्रकारांत भरावे लागतात. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असेल तर कर्मचारी राज्य विमा योजनाही (ईएसआय) लागू होते. तिच्यात कर्मचाऱ्याचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के जातात, आणि कांदिवली किंवा मुलुंडच्या ईएसआय रुग्णालयात ऑन-रोल, ऑफ-रोल असा भेद नसतो. कंत्राटदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे जिथे काम चालते त्या कंपनीवर, येते, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती आणि नव्या कामगार संहितांमध्येही आहे.

खरा फरक पडतो तो ग्रॅच्युइटीत, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांनुसार मालक देतो त्या एकरकमी रकमेत, आणि पंचविशीतल्या मुलामुलींना हा विषय फार लांबचा वाटतो म्हणून मी त्यावर थोडी अधिक थांबते. पीएफ तुमच्याबरोबर प्रवास करतो. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, एकच राहतो, मालक बदलला तरी जुनी रक्कम नव्या खात्यात वळवता येते, आणि मधेच पैसे काढून घेतले नाहीत तर पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षे वेगवेगळ्या मालकांकडची मिळून मोजली जातात. ग्रॅच्युइटी मात्र त्या-त्या मालकापाशीच थांबते. नियमित नोकरीत एकाच मालकाकडे सलग पाच वर्षे भरली तर ती मिळते. मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास ही अट नसते. हिशेब सोपा आहे : शेवटचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेला २६ ने भागायचे, १५ ने गुणायचे आणि जितकी वर्षे सेवा झाली तितक्या पटीने वाढवायचे. ही बेरीज २०,८०० रुपये असेल तर वर्षाला १२,००० आणि पाच वर्षांचे ६०,००० रुपये होतात. आता अशी कल्पना करा की त्याच खुर्चीवर सहा वर्षे बसलेल्या मुलीची एजन्सी दर दोन वर्षांनी बदलली, कारण कंपनीने कंत्राट नव्या एजन्सीला दिले. खुर्ची तीच, साहेब तेच, काम तेच. पण कागदावर तीन मालक आणि प्रत्येकाकडे दोनच वर्षे, त्यामुळे ग्रॅच्युइटीचा दावा करणे तिला फार अवघड जाते. उलट एकाच एजन्सीत राहून तीन कंपन्यांत काम केलेल्या मुलीची सेवा, खंड न पडल्यास, सलग धरली जाते. म्हणून ऑफ-रोल नोकरी घेताना कंपनी किती मोठी आहे यापेक्षा एजन्सी किती टिकाऊ आहे हे मी आधी पाहीन.

गोंधळ वाढतो तो «कॉन्ट्रॅक्ट» या शब्दामुळे. कंपनी स्वतःच्या पत्रावर ठरावीक मुदतीसाठी थेट नेमते तेव्हाही आपण कॉन्ट्रॅक्टवर म्हणतो आणि एजन्सीमार्फत गेलो तरीही कॉन्ट्रॅक्टवरच म्हणतो. थेट मुदतीची नेमणूक ही ऑन-रोलच्या जवळची आहे, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा मुदतीच्या कर्मचाऱ्यासाठी ग्रॅच्युइटीची अट पाचऐवजी एका वर्षावर आली आहे. प्रोबेशन हे या दोन्हींपेक्षा वेगळे : तिथे नोकरी कायम स्वरूपाचीच असते, फक्त कन्फर्मेशन बाकी असते.

«वर्षभराने ऑन-रोल घेऊ» हे वाक्य मुलाखतीत पुष्कळदा ऐकू येते. कधीकधी ते खरेही ठरते, पण तो हक्क नव्हे. कंत्राटी कामगार आपोआप मूळ मालकाचा कायम कामगार होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने स्टील अथॉरिटीच्या खटल्यात २००१ सालीच स्पष्ट केले आहे. मुंबई महानगरपालिकेच्या सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायमपण मिळाले ते कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे लढा दिल्यानंतर, २०१७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन. एकट्या मुलीने असा लढा गृहीत धरून नोकरी स्वीकारू नये. त्यापेक्षा, गेल्या वर्षी या विभागातून किती जणांना ऑन-रोल घेतले, हे विचारावे आणि मिळालेले उत्तर ईमेलवर मागावे.

हे प्रश्न विचारले तर उद्धट दिसू, अशी भीती माझ्या भाचीला होती. शेवटी «तुम्हाला काही विचारायचे आहे का?» असे म्हणतात तेव्हा ती जागा याच प्रश्नांसाठी असते. «मॅडम, नेमणूकपत्र कोणत्या संस्थेच्या लेटरहेडवर येईल?» एवढे शांतपणे विचारले तरी निम्मे चित्र स्पष्ट होते. «पीएफ कोणत्या आस्थापनेच्या कोडखाली भरला जाईल?» या दुसऱ्या प्रश्नाने उरलेले स्पष्ट होते, कारण पीएफच्या पासबुकात आस्थापनेचे नाव छापलेले असते आणि तिथे रिबिनीचा रंग उपयोगाचा नसतो. नोकरी लागल्यावरही हे पासबुक दर महिन्याला उघडून पाहावे. मागच्या महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते, आणि पगारातून कापलेली रक्कम दोन महिने तिथे दिसली नाही तर लगेच लेखी विचारणा करावी.

ऑफ-रोल नोकरी घेऊच नये, असे मी म्हणणार नाही. अनुभव नसलेल्या मुलीला मोठ्या बँकेची कामाची पद्धत आतून पाहायला मिळते ती बहुधा याच दाराने. मात्र पुढच्या बायोडेटात मालक म्हणून बँकेचे नाव लिहिण्याची चूक करू नये. नवी कंपनी पार्श्वभूमी तपासते तेव्हा पीएफच्या नोंदीत एजन्सीचे नाव निघते आणि प्रामाणिक मुलगी खोटी ठरते, हे मी एका ओळखीच्या घरात घडलेले पाहिले आहे. हाती आलेले ऑफर लेटर परत गेले. «अमुक एजन्सीमार्फत तमुक बँकेच्या कर्ज विभागात» अशी ओळ लिहिली की अनुभवही दिसतो आणि नोंदीशी जुळतेही.

भाचीने ती नोकरी घेतली. दहाव्या महिन्यात तिने लोअर परळला दुसरी मुलाखत दिली आणि शेवटी लेटरहेडबद्दल विचारले. समोरच्या मॅडमनी उत्तर देण्याआधी ड्रॉवरमधून नमुन्याचे पत्र काढून तिच्यासमोर ठेवले. वर कंपनीचे नाव होते, खाली सहा महिन्यांचे प्रोबेशन लिहिले होते, आणि मुदत संपण्याची तारीख कुठेच नव्हती.