अमेरिकी रेल्वेतील रोजगार-संरक्षण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रेल्वे कंपन्यांचे विलीनीकरण, मार्ग बंद होणे किंवा दिवाळखोरीनंतरची पुनर्रचना यांमुळे ज्यांची नोकरी जाते, ज्यांचा पगार घटतो किंवा ज्यांना बिऱ्हाड हलवून दुसऱ्या ठाण्यावर जावे लागते, अशा कामगारांना ठरावीक काळ भरपाई देण्याची पद्धत. १९३६ मध्ये कामगार संघटना व कंपन्या यांच्या करारातून ती उभी राहिली, १९४० मध्ये कायद्यात आली आणि १९७० च्या दशकात ईशान्येकडील रेल्वे कोसळल्यावर तिचा भार सरकारी तिजोरीवर आला. रेल्वेचे आकुंचन या पद्धतीने थांबले नाही, आणि ते थांबवावे असा तिचा हेतूही नव्हता. आकुंचनाची किंमत कोणी मोजायची, एवढाच प्रश्न तिने सोडवू पाहिला.

अमेरिकी रेल्वेचे जाळे १९१६ मध्ये सर्वांत विस्तृत, म्हणजे सुमारे २,५४,००० मैलांचे होते आणि १९२० च्या सुमारास त्यावर वीस लाख माणसे कामाला होती. त्यानंतर मोटार, ट्रक, तेलवाहिन्या आणि पुढे विमान यांनी प्रवासी व माल दोन्ही ओढून नेले. १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांची बांधणी सुरू झाली. १९६७ मध्ये टपाल खात्याने धावत्या डब्यांतील टपालाची बहुतेक कंत्राटे काढून घेतली आणि अनेक प्रवासी गाड्यांचा उरलासुरला आधार तुटला. दर वाढवणे, तोट्यातील फाटा बंद करणे, विलीन होणे या सर्वांसाठी आंतरराज्य वाणिज्य आयोगाची परवानगी लागे आणि ती मिळायला वर्षे जात. कामगारांकडे पाहिले तर मालगाडीवरच्या माणसांचा एका दिवसाचा पगार मुळात शंभर मैलांच्या धावेवर बांधलेला होता. वाफेच्या इंजिनाला वाटेत कोळसा, पाणी आणि देखभाल लागे, त्यामुळे साधारण तेवढ्याच अंतरावर इंजिनशेड, यार्ड आणि कामगारांची वस्ती असलेली गावे वसली होती. डिझेल इंजिन या गावांत न थांबता पुढे जाऊ लागले, तेव्हा नोकऱ्यांबरोबर त्या गावांचे असण्याचे कारणच गेले.

सरकारशी या उद्योगाचे नाते आधीपासून जवळचे होते. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१७ अखेरीपासून मार्च १९२० पर्यंत, रेल्वे सरकारच्या ताब्यात होती. ती तशीच राष्ट्राच्या मालकीची राहावी, ही संघटनांनी उचलून धरलेली ‘प्लंब योजना’ संसदेने मानली नाही. १९२६ चा रेल्वे कामगार कायदा मात्र कंपन्या व संघटना यांनी एकत्र बसून तयार केलेल्या मसुद्यावर आधारलेला होता. त्यात मध्यस्थी, थांबण्याचे कालावधी आणि राष्ट्राध्यक्षांनी नेमायचे आणीबाणी मंडळ अशा पायऱ्या असल्याने संपापर्यंत पोचायला फार वेळ लागतो.

रोजगार-संरक्षणाचा उगम महामंदीत आहे. १९३३ च्या कायद्याने जोसेफ ईस्टमन यांना रेल्वेचे संघीय समन्वयक नेमले. समांतर मार्ग, दुहेरी स्थानके आणि दुहेरी कारखाने एकत्र करून खर्च वाचवणे हे त्यांचे काम होते. परंतु ही बचत माणसांच्या पगारातूनच होणार हे ओळखून संघटनांनी त्याच कायद्यात कलम घालून घेतले, की मे १९३३ मध्ये कामावर असलेल्यांना अशा एकत्रीकरणासाठी काढता येणार नाही आणि संख्या घटवायचीच तर ती निवृत्ती, मृत्यू व राजीनामे यांतून वर्षाला पाच टक्क्यांपर्यंतच घटवावी. परिणामी एकत्रीकरण जागच्या जागी अडले. १९३६ च्या जूनमध्ये कायद्याची मुदत संपत आली, तेव्हा दोन्ही बाजूंना काहीतरी हवे होते, आणि २१ मे १९३६ रोजी ‘वॉशिंग्टन करार’ झाला. एकत्रीकरणामुळे नोकरी गेलेल्याला सरासरी पगाराच्या ६० टक्के भत्ता, सेवेच्या लांबीनुसार जास्तीत जास्त पाच वर्षे. खालच्या पदावर गेलेल्याला पगारातील फरक. दुसऱ्या गावी जाणाऱ्याला सामान हलवण्याचा खर्च. घर घाईने विकावे लागून नुकसान झाले तर तेही कंपनीने भरून द्यायचे होते. या शेवटच्या अटीतून करार लिहिणाऱ्यांना रेल्वेगाव किती जवळून माहीत होते ते दिसते. शेड बंद झाली की गावातील सगळीच घरे एकदम विक्रीला निघतात आणि घेणारा कोणी नसतो. १९४० च्या वाहतूक कायद्याने असे संरक्षण विलीनीकरणाच्या मंजुरीची सक्तीची अट केले.

हे संरक्षण सर्वांपर्यंत पोचले नाही, हेही नोंदवले पाहिजे. इंजिनावरच्या फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा घालणाऱ्या लोकांची संघटना कृष्णवर्णीयांना सदस्य करून घेत नव्हती, तरी वाटाघाटी मात्र त्यांच्याही वतीने करत होती. दक्षिणेकडील कंपन्यांशी तिने १९४१ मध्ये केलेल्या करारात कृष्णवर्णीय फायरमनांची संख्या मर्यादित करून त्यांना हळूहळू बाहेर काढण्याची तजवीज होती. सर्वोच्च न्यायालयाने १९४४ मध्ये, ‘स्टील विरुद्ध लुइसव्हिल अँड नॅशव्हिल’ या खटल्यात, ज्यांच्या वतीने संघटना बोलते त्या सर्वांचे तिने न्यायाने प्रतिनिधित्व केले पाहिजे असा निर्णय दिला. अमेरिकी कामगार कायद्यातील एक मूलभूत तत्त्व असे रेल्वेच्या शेवटच्या पायरीवरच्या माणसाच्या तक्रारीतून आले.

डिझेलच्या इंजिनात कोळसा घालायचा नसतो, तरी फायरमन डाव्या बाजूच्या आसनावर बसतच राहिला. कंपन्यांनी याला फुकटचा पगार म्हटले. संघटनांचे म्हणणे असे, की दुसरी डोळ्यांची जोडी सिग्नल पाहते आणि उद्याचा ड्रायव्हर त्याच आसनावर तयार होतो. १९५९ पासून चिघळलेल्या या वादात देशव्यापी संपाची वेळ आली, तेव्हा संसदेने २८ ऑगस्ट १९६३ रोजी कायदा करून सक्तीचा लवाद नेमला. शांततेच्या काळात संसदेने असे करण्याची ही पहिलीच वेळ होती. लवादाने मालगाड्या व यार्डातील फायरमनांच्या ९० टक्के जागा टप्प्याटप्प्याने रद्द करण्यास मुभा दिली. जुन्या कामगारांना मात्र कामावर राहू दिले.

पद्धतीची खरी परीक्षा पेन सेंट्रलच्या वेळी झाली. पेनसिल्व्हेनिया व न्यूयॉर्क सेंट्रल या दोन जुन्या प्रतिस्पर्ध्यांचे विलीनीकरण १ फेब्रुवारी १९६८ रोजी झाले. त्यासाठी संघटनांचा पाठिंबा १९६४ च्या कराराने मिळवला होता, आणि विलीनीकरणामुळे कोणालाही घरी पाठवले जाणार नाही असे त्यात मान्य केले होते. बचतीच्या आशेने केलेल्या विलीनीकरणातील सर्वांत मोठी बचत अशी आधीच वचनात बांधली गेली. तरीही अपयशाचे खापर या करारावर फोडणे योग्य ठरणार नाही. दोन्ही कंपन्यांचे संगणक एकमेकांशी जुळत नव्हते, डबे यार्डांत हरवत होते. १९६९-७० च्या हिवाळ्यात मेन राज्यातून निघालेले बटाटे वाटेत अडकून गोठले आणि तिथल्या शेतकऱ्यांनी रेल्वेकडे पाठ फिरवली. २१ जून १९७० रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. रुळांखालचे लाकडी स्लीपर इतके कुजले होते, की उभे डबेसुद्धा रुळांवरून घसरत आणि लांबच्या लांब टप्प्यांवर गाड्या ताशी दहा मैलांनी रांगत. अशा मार्गावर रात्रीच्या वेळी काम करणाऱ्या ब्रेकमनच्या, म्हणजे गाडीचे ब्रेक व डब्यांची जोडणी सांभाळणाऱ्या कामगाराच्या दृष्टीने माणसे कमी करण्याची मागणी ही हिशेबाच्या वहीपुरती गोष्ट नव्हती.

ही मागणी दिवाळखोर कंपनीच्या विश्वस्तांनी केलीच. गाडीवरील पथक लहान करून सुमारे ५,७०० जागा कमी करायचे ठरले आणि ८ फेब्रुवारी १९७३ रोजी युनायटेड ट्रान्सपोर्टेशन युनियनने संप पुकारला. दुसऱ्याच दिवशी संसदेने ठराव करून गाड्या सुरू करायला लावल्या, आणि ईशान्येच्या रेल्वेचा प्रश्न आता आपल्यालाच सोडवायचा आहे हे तिच्या ध्यानी आले. त्यातून २ जानेवारी १९७४ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या सहीने ‘प्रादेशिक रेल्वे पुनर्रचना कायदा’ अस्तित्वात आला. त्यातील पाचवा भाग संघटना आणि कंपन्यांनी वाटाघाटींतून ठरवला आणि संसदेने स्वीकारला. पाच किंवा अधिक वर्षे सेवा झालेल्याला, काम गेले किंवा कमाई घटली तर, वयाच्या ६५ व्या वर्षापर्यंत मासिक भत्ता मिळणार होता आणि त्यासाठी सरकारने २५ कोटी डॉलर बाजूला काढले. १९३६ मध्ये पाच वर्षांवर थांबलेले संरक्षण आता आयुष्यभराचे झाले.

नव्या व्यवस्थेत एकच महाकाय कंपनी नसावी, अशी नियोजकांची इच्छा होती. एरी लॅकावाना या दिवाळखोर रेल्वेचा काही भाग चेसी या दुसऱ्या रेल्वे कंपनीने घ्यावा अशी योजना होती. १९७६ च्या आरंभी कामगार-अटींवर एकमत न झाल्याने ती फिसकटली. १ एप्रिल १९७६ रोजी पेन सेंट्रल, एरी लॅकावाना, रीडिंग, लीहाय व्हॅली, सेंट्रल ऑफ न्यू जर्सी आदी दिवाळखोर कंपन्या ‘कॉनरेल’ या नव्या महामंडळात आल्या. तिच्याकडे लाखाच्या जवळपास कामगार होते. रूळ आणि इंजिने यांवर सरकारी पैसा ओतला जात असतानाही तोटा थांबेना. भत्त्याचा निधीही अपेक्षेपेक्षा लवकर संपला, कारण घरी बसलेल्यांबरोबरच कामावर असूनही आधीपेक्षा कमी कमावणाऱ्यांनाही त्यातून फरक द्यावा लागे. कायद्याची ही बाजू सदोष होती असेच म्हणावे लागेल.

१९८० च्या ‘स्टॅगर्स कायद्या’ने दर ठरवण्याचे बरेच स्वातंत्र्य कंपन्यांना दिले. पुढच्या वर्षी नवे सरकार कॉनरेलचे तुकडे करून विकण्याच्या विचारात होते, तेव्हा संघटनांनी मे १९८१ मध्ये वर्षाला सुमारे २० कोटी डॉलरची पगारवाढ सोडून दिली. ऑगस्टमधील कायद्याने आयुष्यभराचा भत्ता रद्द झाला, त्याऐवजी जादा ठरलेल्या फायरमन व ब्रेकमन यांना नोकरी सोडल्यास जास्तीत जास्त २५,००० डॉलर मिळण्याची सोय झाली आणि उपनगरी गाड्या १९८३ च्या आरंभापासून राज्यांच्या संस्थांकडे गेल्या. अध्यक्ष स्टॅन्ली क्रेन यांच्या कारकिर्दीत कंपनीने १९८१ मध्ये ३.९ कोटी डॉलर आणि १९८४ मध्ये सुमारे ५० कोटी डॉलर नफा दाखवला. दशकाच्या मध्यापर्यंत कामगार ४०,००० च्या आसपास उरले होते. त्या नफ्यात सोडलेल्या पगाराचा वाटा होता, म्हणून कंपनी कामगारांनीच विकत घ्यावी असा प्रस्ताव संघटनांच्या महासंघाने १९८३ मध्ये मांडला. वाहतूक मंत्री एलिझाबेथ डोल यांनी मात्र खरेदीदार म्हणून नॉरफोक सदर्न या रेल्वे कंपनीची निवड केली; संसदेत ते अडले. अखेर मार्च १९८७ मध्ये सरकारचे ८५ टक्के समभाग खुल्या बाजारात सुमारे १.६५ अब्ज डॉलरना विकले गेले. उरलेले १५ टक्के कामगारांकडे होते.

पश्चिमेकडील रॉक आयलंड रेल्वेच्या कामगारांना असे काही मिळाले नाही. ऑगस्ट १९७९ मध्ये तिथल्या कारकुनांनी संप केला, न्यायालयाने कंपनी मोडीत काढली आणि ३१ मार्च १९८० नंतर तिच्या गाड्या थांबल्या. संसदेने खास कायदा करून कंपनीच्या मालमत्तेतून कामगारांना भरपाई द्यायला सांगितले. मार्च १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला: दिवाळखोरीचे कायदे राज्यघटनेनुसार देशभर एकसारखे असले पाहिजेत आणि हा एकाच कंपनीसाठी होता.

विलीनीकरणाच्या नेहमीच्या प्रकरणांत १९७९ मध्ये आंतरराज्य वाणिज्य आयोगाने ठरवलेल्या ‘न्यूयॉर्क डॉक’ अटी लागू होतात. त्यांत संरक्षणाची मुदत सहा वर्षांपर्यंत आहे. १९९६ मध्ये आयोगाची जागा घेतलेल्या भूपृष्ठ वाहतूक मंडळाने कॉनरेल ही नॉरफोक सदर्न व सीएसएक्स या दोन रेल्वे कंपन्यांत वाटून देण्यास मंजुरी दिली, तीही याच अटींवर. १ जून १९९९ रोजी गाड्या नव्या मालकांच्या नावाने धावू लागल्या, आणि उत्तर न्यू जर्सी, फिलाडेल्फिया परिसर व डेट्रॉइट येथील सामाईक यार्डे तेवढी कॉनरेलच्या नावाने राहिली.