न खाणारा साप आणि खंगलेला साप

"दोन महिने झाले, खात नाहीये. वजन कसं वाढवू?" बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला छोटा अजगर, पाळणाऱ्यांकडून हा प्रश्न मला सतत येतो. यात न खाणं आणि खंगणं असे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला की धडधाकट साप आजारी पडतो.

भारतातल्या वाचकांसाठी आधीच सांगते: आपला अजगर किंवा धामण घरी ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. मी बोलतेय ते घाना, टोगो, बेनिनकडच्या बॉल पायथनबद्दल. तो पाळायचा तरी भारतात सरकारकडे नोंद करावीच लागते.

गोठवलेला उंदीर कसा कोमट करायचा, चिमट्याने कसा द्यायचा हे तुम्हाला येतं. छोटा पांढरा उंदीर की मोठा, या वादातही मी पडत नाही. साप जो खातो तो द्या.

खरी गल्लत होते ती दिवस मोजण्यात. मोठा बॉल पायथन थंडीत, विणीच्या काळात, महिनोन्‌महिने तोंड उघडत नाही आणि त्याच्या अंगावरचं मांस जागेवर असतं. उलट खंगलेला साप दर आठवड्याला उंदीर गिळत असू शकतो! पोटात जंत असतील तर खाल्लेलं अंगी लागत नाही. म्हणून "शेवटचं कधी खाल्लं?" हा प्रश्न बाजूला ठेवा आणि पाठीवरून बोट फिरवा. कण्याची रेघ थोडी जाणवणारच, या जातीची ठेवणच तशी आहे. पण कण्याच्या दोन्ही बाजूंना खळगे पडलेत, अंग घराच्या उतरत्या छपरासारखं दिसतंय, शेपटीच्या मुळाशी हाडं टोचताहेत, तर तो खंगलेला.

दुसरा साक्षीदार स्वयंपाकघरातला वजनकाटा. दर आठवड्याला डब्यात ठेवून वजन करा, त्या आकड्याशेजारी शी केली की नाही तेही लिहा. माझ्या दीड किलोच्या मादीचं वजन एका रात्रीत ९० ग्रॅमने उतरलं होतं. सकाळी तिच्या राहण्याच्या टाकीत पाहिलं तर कितीतरी दिवसांची साठलेली शी आणि पांढरा खडा, म्हणजे सापाची घट्ट लघवी. मांस एक ग्रॅमही गेलं नव्हतं.

न खाणाऱ्याला काय करायचं? उबेची जागा ३१-३२ अंश आहे ना, लपायला दोन घट्ट जागा आहेत ना, एवढं बघा. दोन आठवड्यांतून एकदा उंदीर दाखवा आणि गप्प बसा. रोज उंदीर नाचवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. आणि जबरदस्तीने घशात उंदीर कोंबणं हे घरी करायचं काम नाही, ते पशुवैद्यावर सोडा.

खंगलेल्याला आधी पाणी, मग सरपटणारे प्राणी तपासणारा पशुवैद्य आणि शीची तपासणी. त्यानंतर छोटा घास. "बारीक झालाय, मोठा उंदीर द्या" हा सल्ला घातक आहे. बर्मी अजगरात दिसून आलंय की मोठं भक्ष्य गिळल्यावर दोन-तीन दिवसांत आतडी आणि हृदयसुद्धा वाढतं, चयापचय अनेक पटींनी चढतो. पचनासाठी आधी अंगातून खर्च करावा लागतो, आणि खंगलेल्याकडे तीच शिल्लक नसते. तो भक्ष्य ओकतो. ओकला की दोन आठवडे काहीच द्यायचं नाही, म्हणजे आणखी घट. एरवी वजनाच्या दहा टक्के देत असाल तर इथे पाच द्या, सात दिवसांनी. पचल्याची खूण शीमध्ये दिसली की हळूहळू वाढवा.

ओळखीतल्या एका मुलाचा ४०० ग्रॅमचा पायथन नियमित खाऊनही असाच वाळला होता. जंत निघाले. औषधानंतर २० ग्रॅमच्या उंदरांवर पहिल्या महिन्यात वजन जेमतेम १५ ग्रॅमने वाढलं, आणि मुलगा निराश झाला. तिसऱ्या महिन्यात त्याने पाठीवरून बोट फिरवलं, तेव्हा खळगे भरायला लागले होते.