मजुरी कुणाच्या खात्यात?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दाणाओळीत, आमच्या शेजारच्या काकू साड्यांना फॉल-पिको करून द्यायच्या. काम त्यांचं, पण महिनाअखेरचा हिशेब दुकानदार काकांशी करायचा. पैसे काकांच्या खिशात जात. यात काही वावगं आहे असं तेव्हा मला वाटलं नाही, गल्लीत कुणालाच वाटत नसे. बऱ्याच वर्षांनी अर्थशास्त्रातला एक प्रयोग वाचनात आला. तो नेमका आमच्याच मुलखात, ग्वाल्हेर, मुरैना, शिवपुरी, श्योपूर या जिल्ह्यांतल्या खेड्यांत झालेला. वाचताना काकूंचं शिलाई मशीन सारखं डोळ्यांसमोर येत राहिलं.

रोजगाराची चर्चा आपल्याकडे बहुतेक कारखाने, भरती आणि प्रशिक्षण यांच्यापाशीच थांबते. यातलं प्रशिक्षण तर सगळ्यांच्या आवडीचं. पण विकसनशील देशांतल्या अशा योजनांचा अर्थतज्ज्ञ डेव्हिड मॅकेन्झी यांनी 2017 साली आढावा घेतला, तेव्हा आकडा फार लहान निघाला: 100 जणांना व्यवसाय प्रशिक्षण देऊ केलं, तर ज्यांना एरवी काम मिळालंच नसतं अशा जेमतेम दोन-तीन जणांना ते मिळतं. बायकांच्या बाबतीत अडचण आणखी आधी सुरू होते. सरकारी पाहणीनुसार 2017-18 मध्ये देशातल्या 15 वर्षांवरील स्त्रियांपैकी फक्त 23.3 टक्के कामात होत्या किंवा काम शोधत होत्या. 2023-24 मध्ये हे प्रमाण 41.7 टक्क्यांवर गेलं. त्या वाढीत खेड्यांचा आणि घरच्या शेती-धंद्यातल्या कामाचा वाटा मोठा आहे. दुसऱ्याकडून रोख मजुरी मिळणारं काम ही अजूनही वेगळी पायरी आहे.

आमच्या चंबळच्या बाजूला ही पायरी विशेष उंच. डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत ओढलेला, आणि बायको बाहेर कामाला गेली की ‘घरात काही कमी आहे का?’ असं चार माणसं नवऱ्यालाच विचारणार. कामाला ती जाणार असली, तरी लोकांचं ऐकून घ्यावं लागणार त्याला.

2005 च्या रोजगार हमी कायद्याने खेड्यातल्या प्रत्येक कुटुंबाला वर्षाला 100 दिवसांच्या कामाचा हक्क दिला. हक्क कुटुंबाचा, त्यामुळे या प्रयोगाच्या वेळी मजुरी बहुधा कुटुंबप्रमुखाच्या खात्यात जाई, म्हणजे नवऱ्याच्या. खड्डा तिने खणला तरीही! अर्थतज्ज्ञ एरिका फील्ड, रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या प्रयोगात नेमकं हेच बदलून पाहायचं ठरवलं. 197 ग्रामपंचायती घेतल्या आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची गटांत विभागणी केली. काही गावांत बायकांना नुसतं स्वतःचं बँक खातं मिळालं. काही ठिकाणी मजुरी थेट त्या खात्यात जाऊ लागली. काही गटांना शिवाय खातं कसं वापरायचं याचं छोटं प्रशिक्षण मिळालं, आणि काहींना यातलं काहीच नाही. चिठ्ठीला फार महत्त्व आहे. जिथल्या बायका मुळातच धीट, तीच गावं निवडली असती, तर फरक खात्यामुळे पडला की धिटाईमुळे, हे कधीच कळलं नसतं.

निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. नुसतं खातं मिळालेल्या बायकांशी तुलना केली, तर खातं, थेट मजुरी आणि प्रशिक्षण असं तिन्ही मिळालेल्या बायका जास्त काम करू लागल्या होत्या. सरकारी कामावर तर गेल्याच, पण खासगी मजुरीलाही गेल्या, आणि ती मजुरी तर या खात्यात येतही नव्हती. सर्वांत मोठा बदल कुठे दिसला? ज्यांचे नवरे बायकोच्या कामाला नाखूश होते, त्या घरांत.

पाठ्यपुस्तकातला साधा तर्क उलटं सांगतो. हाताशी पैसा आला की माणूस थोडं कमी राबतो. इथे तसं झालं नाही, आणि या संशोधकांचं स्पष्टीकरण मला पटतं. मजुरी नवऱ्याकडे जाते तेव्हा उन्हात राबणं तिचं आणि पैशावरचा शब्द त्याचा, मग तिने घरात वाद घालून कामावर का जावं? तोच पैसा तिच्या ताब्यात आला की वाद घालण्यात अर्थ उरतो. घरातलं तिचं वजनही वाढतं. हे वजन एकदा वाढलं की खासगी शेतावर जायचं की नाही, यातही तिचं म्हणणं चालतं.

पुढे आणखी एक गोष्ट दिसली. तिन्ही मिळालेल्या बायकांच्या मनातली, बाईने घरातच राहावं ही समजूत सैल झाली होती, आणि बायको कामावर गेली तर लोक काय म्हणतील ही नवऱ्यांची धास्तीही कमी झाली होती. रूढी आधी बदलायला हव्यात, मग बायका बाहेर पडतील, असं आपण धरून चालतो. इथे क्रम उलटा लागला.

2014 पासून जनधन योजनेत कोट्यवधी खाती उघडली, त्यांतली निम्म्याहून जास्त बायकांची. हे मोठंच काम झालं. पण खात्याच्या आकड्यांवर समाधान मानणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर वाचावा. तिची मजुरी त्यात येते का, आणि ती काढायला स्वतः जाता येईल एवढी माहिती तिला कुणी दिली आहे का, हे दोन प्रश्न प्रत्येक योजनेच्या कागदावर असायला हवेत.

मी आता मुरारला राहतो. मागे दाणाओळीत गेलो, तेव्हा मशीनवर काकूंची सून होती. भिंतीवर तिच्या नावाचा क्यूआर कोड चिकटवलेला. दुकानदार दारात उभा राहून फॉलच्या दरासाठी घासाघीस करत होता, थेट तिच्याशी.