गाव सोडले नाही म्हणून मदत नाकारता येते का? नदीकाठच्या विदर्भातील एका वादाची पार्श्वभूमी

पूर ओसरला की नदीकाठच्या गावांत एक वाद हमखास उठतो. दवंडी झाली होती, पोलीस पाटील दारोदार फिरले होते, काठाला डोंगा (लहान नाव) लागला होता, तरी काही घरे हलली नाहीत. मग त्यांना काढायला बोट पाठवायची, तिचा खर्च करायचा आणि वर नुकसानीची मदतही द्यायची, हे सारे सरकारी तिजोरीतून कशासाठी? ऑगस्ट २०२० च्या वैनगंगेच्या महापुरानंतर हा सवाल जास्त टोकदार झाला. त्याचे उत्तर शोधायला लोक कायद्याकडे धावतात. खरे उत्तर मदतीच्या निकषांत आणि पंचनाम्याच्या कागदात आहे.

जुना भाग थोडक्यात आटोपतो. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता आल्या आणि मदतीला पात्र कोण, हे ठरवण्याची सरकारी रीत पडली: अंगात बळ असेल त्याने मदतकामावर यावे, नसेल त्याला फुकट अन्न मिळावे. दुष्काळ महिनोन् महिने चालतो, त्यामुळे पात्रता तपासायला वेळ मिळतो. पुराला ही चौकट कधीच नीट लागू पडली नाही. नरखेड तालुक्यातील मोवाड ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुरात सापडले आणि २०४ माणसे गेली. त्या दुर्घटनेत कोणी आदेश मोडला हा मुद्दाच नव्हता. पुढच्या काळात इशारा यंत्रणा उभी राहिली, धरणांचे विसर्ग आधी कळू लागले, मोबाइलवर संदेश येऊ लागले. सांगूनही थांबलेला माणूस हा प्रश्न या यंत्रणेमुळे निर्माण झाला.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. त्यातल्या ‘आपत्ती व्यवस्थापन’ या शब्दाच्या व्याख्येतच लोकांना बाहेर काढणे, सुटका आणि मदतकार्य एकत्र येतात. कलम ३४ जिल्हा प्राधिकरणाला बाधित भागातील ये-जा रोखण्याचे, शोध व सुटका करण्याचे आणि निवारा-अन्न-पाणी पुरवण्याचे अधिकार देते. कलम ५१ मध्ये शिक्षा आहे: निर्देश मानला नाही तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, त्यातून जीव गेला किंवा जिवावरचा धोका उद्भवला तर दोन वर्षांपर्यंत. कोविडमुळे हे कलम गावोगाव तोंडपाठ झाले. पण त्याची सुरुवातच ‘वाजवी कारणाशिवाय’ या अटीने होते, आणि न्यायालयात प्रकरण जायला प्राधिकरणाची स्वतःची तक्रार लागते किंवा आधी तीस दिवसांची नोटीस. कोठ्यात बांधलेली बैलजोडी, अंथरुणाला खिळलेली आई, दिवस भरलेली सून यांपैकी वाजवी कारण कोणते, ते कायदा सांगत नाही. शिक्षेच्या या कलमात मदत बंद करण्याचा एक शब्दही नाही. याच कायद्याचे कलम १२ मदतीचे किमान मानक ठरवायला सांगते आणि त्यात मृत्यूबद्दलचे सानुग्रह अनुदान, घराचे नुकसान व उपजीविका पुन्हा उभी करणे येते. शिक्षा आणि मदत या दोन वाटा कायद्याने वेगळ्या ठेवल्या आहेत. त्या एकत्र करण्याची मागणी भावनेतून येते. तिला कायद्याचा आधार नाही.

२०२० च्या ऑगस्ट अखेरीस मध्य प्रदेशात तुफान पाऊस झाला, सिवनीच्या संजय सरोवर धरणातून पाणी सुटले आणि वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाचे सगळे ३३ दरवाजे उघडावे लागले. विसर्ग ३० हजार क्युमेक्सच्या (सेकंदाला घनमीटर) घरात गेला. भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली या पाच जिल्ह्यांत पाणी पसरले. ब्रह्मपुरी तालुक्यातले लाडज तर वैनगंगेने वेढलेले गाव. तिथे बाहेर पडणे म्हणजे नाव किंवा बोट, दुसरा रस्ता नाही. वरच्या राज्याने वेळेत कळवले की नाही, यावर नंतर बराच वाद झाला. २०२२ च्या जुलैत गोदावरीने तेलंगणातल्या भद्राचलमला ७१ फुटांची पातळी ओलांडली तेव्हा गडचिरोलीतल्या सिरोंच्यात हीच कथा गोदावरीवरच्या मेडीगड्डा बॅरेजच्या नावाने घडली. लोकांचे म्हणणे असे: पाणी धरणाच्या दरवाज्यातून येते, दरवाजा कधी उघडायचा ते सरकार ठरवते, मग घर न सोडल्याची जबाबदारी एकट्या घरमालकाची कशी? हे म्हणणे मला बऱ्याच अंशी पटते. ज्याच्या हातात पाण्याचे वेळापत्रक आहे, त्याने आधी ते गावाला नीट सांगायला हवे. ‘विसर्ग वाढविण्यात येत आहे, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे’ एवढ्या संदेशावरून आपल्या सपरीच्या (ओसरीच्या) कितव्या पायरीपर्यंत पाणी येईल, हे कोणालाही कळत नाही.

आता निकषांकडे येऊ, कारण माणूस घरी का थांबतो याचे मोठे उत्तर तिथे आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के. खर्चाचे दर केंद्र ठरवते, राज्य त्यात आपली भर घालते. २०२२ ते २०२६ साठी ठरलेल्या दरांत मृत्यूबद्दल वारसांना ४ लाख रुपये होते. घर पूर्ण पडले तर सपाट भागात १ लाख २० हजार; अंशतः पडझडीला पक्क्या घराचे ६,५००, कच्च्याचे ४ हजार; कोठ्याला ३ हजार. दुभत्या गाई-म्हशीला ३७,५००, बैलाला ३२ हजार, शेळी-मेंढीला ४ हजार. कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५००, तेही ३३ टक्क्यांहून जास्त नुकसान असेल तरच. या यादीत ‘आदेश पाळला होता का’ असा रकाना नाही. सुटका, स्थलांतर आणि बोटी भाड्याने घेण्याचा खर्चही याच निधीतून भागवता येतो. पिकाच्या बाबतीत तर हा प्रश्न कोणी विचारतच नाही, कारण धानाची बांधी उचलून शाळेत नेता येत नाही.

गुंता कपडे आणि भांड्यांच्या मदतीत आहे. कुटुंबामागे कपड्यांचे २,५०० आणि भांडी-घरसामानाचे २,५०० हे केंद्राचे त्याच काळातले दर. त्यासाठी घर वाहून गेलेले, पूर्ण पडलेले किंवा दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात असलेले हवे. राज्याने २०२३ च्या पावसाळ्यात ही तातडीची मदत ५ हजारांवरून १० हजार केली. दोन दिवसांची अट शासन निर्णयाने सैल करण्याचे प्रसंगही आले. पण अट कागदावर असते तेव्हा ती कोणाच्या अंगावर येते ते पाहा. गोसेखुर्दच्या खाली पाणी दिवसेंदिवस तुंबते, तिथे अट सहज पुरी होते. यवतमाळ-वर्ध्याकडे नाल्याला पहाटे लोंढा येतो आणि दुपारी उतरतो. घरातले सारे भिजलेले असते, दोन दिवस मात्र भरत नाहीत. पाणी किती काळ होते हे सांगणार कोण? जो घरी होता तोच. जो शाळेच्या खोलीत होता त्याच्याकडे पुरावा म्हणून भिंतीवरची गाळाची रेष, आणि तीही दोन उन्हांत वाळून पुसट होते.

पंचनामा बहुधा तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून करतात (तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी). ते दारात येतात तेव्हा समोर जे दिसेल ते लिहिले जाते. भिजलेले धान उकिरड्यावर टाकले असेल तर धान साठवायची ढोली रिकामी दिसते. शेळी पुरून टाकली असेल तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा शवविच्छेदन अहवाल मिळत नाही. कानातला बारा आकडी बिल्ला काढून ठेवला नसेल तर जनावर कोणाचे तेही सिद्ध होत नाही. घर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नसेल, गायरानात किंवा नदीपात्रालगत अतिक्रमण असेल, तर घराची मदत अडते, कारण निकषात अधिकृत बांधकामाचा दाखला लागतो. शेवटी यादीत नाव आले, विशिष्ट क्रमांक मिळाला, तरी ई-केवायसी अडली की पैसे खात्यात पडत नाहीत. या प्रत्येक टप्प्यावर, जो आदेश मानून आधी निघाला तो मागे पडतो. धान्याची पोती डोक्यावर वाहून वाचवली तर नुकसान शून्य, आणि पोती सोडून गेला तर चोरीची धास्ती. अशा व्यवस्थेत माणूस छपरावर बसून राहिला तर त्याला बेजबाबदार म्हणणे सोपे आहे. पण तो हिशेबानेच बसलेला असतो.

वैयक्तिक जबाबदारीचा खरा कस रपट्यावर, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावर, लागतो. घर न सोडणे आणि पाण्याखाली गेलेल्या रपट्यावरून गाडी घालणे, या दोन गोष्टी एका मापाने मोजू नयेत. सप्टेंबर २०२१ मध्ये उमरखेडजवळ दहागावच्या पुलावरून एसटी बस वाहून गेली; अशा घटनेत प्रवाशाचा दोष कसला? पण बंदोबस्त असताना, बांबू आडवा लावलेला असताना दुचाकी पुढे काढणारा वेगळा. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात १९९५ पासून कायदा आहे: अडथळा ओलांडून पाण्यात गेलेल्या चालकाकडून सुटकेचा खर्च २ हजार डॉलरपर्यंत वसूल करता येतो. आपल्या निकषांत अशी वसुली नाही. मृत्यूच्या मदतीसाठी मात्र मृत्यूच्या कारणाचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो. पोलिसांचा अकस्मात मृत्यूचा कागद, शवविच्छेदन आणि तहसीलचा प्रस्ताव यांत ‘बंदी असताना गेला’ असा शेरा आला की खुलासे मागवले जाऊ शकतात. तिथे वारसांनी एवढेच दाखवायचे असते की मृत्यू पुरात बुडून झाला. शेतकरी अपघात सानुग्रह अनुदान योजनेत २ लाख मिळतात आणि तिच्यात नशेत झालेल्या अपघातासारखे अपवाद लेखी आहेत. म्हणजे माणसाची चूक मोजायची असेल तर ती आधी लिहून ठेवावी लागते. पुराच्या मदतीत ती लिहिलेली नाही, म्हणून कोणत्याही टेबलाने ती मनाने वाढवू नये.

गोसेखुर्दच्या बुडीत गावठाणांचा प्रश्न या सगळ्यात जुना आणि सर्वांत अवघड. १९८८ मध्ये पायाभरणी झाली, २०१३ मध्ये सुमारे १,२०० कोटींचे विशेष पॅकेज मंजूर झाले, पाणी मात्र टप्प्याटप्प्याने २४५.५० मीटरच्या पूर्ण पातळीकडे चढवले गेले. काही कुटुंबे मोबदला घेऊनही जुन्या गावात राहिली. नव्या गावठाणात हाताला काम नव्हते आणि शेती-ढोरे जुन्याच ठिकाणी होती. त्यांचे घर कागदोपत्री संपादित झालेले, म्हणून पडझडीच्या मदतीत अधिकृत घराचा दाखला मिळत नाही. पण जीव, जनावर आणि भिजलेले अन्न संपादित झालेले नाही. घराची मदत नाकारली तरी सुटका, निवारा आणि जेवण नाकारता येत नाही. नोटीस बजावली होती एवढ्या कारणावर बोट मागे ठेवता येणार नाही.

लोकांनी वेळेत निघावे असे खरेच वाटत असेल तर दुरुस्ती पंचनाम्यात हवी. विसर्गाचा इशारा येताच कोतवाल आणि पोलीस पाटलांनी घरोघरी तारीख-वेळ दिसेल असे फोटो घ्यावेत: ढोलीतले धान, कोठ्यातली जनावरे बिल्ल्यासकट, भिंतींची स्थिती. निवाऱ्यातल्या हजेरीची नोंद हाच घर सोडल्याचा पुरावा मानावा, आणि त्या घराला पाण्याच्या दिवसांची अट लावू नये. शाळेबरोबर ढोरांसाठी उंच जागा आणि चाऱ्याला तणस, कुटार आधी ठरवून ठेवावे. बायकांना वापरता येईल असे संडास चालू आहेत का ते पावसाळ्याआधी पाहावे. राज्य प्रतिसाद दलाची तुकडी नागपुरात आहे, केंद्रीय दलाची बटालियन पुण्याजवळ. त्या पोहोचेपर्यंतचे पहिले काही तास मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या डोंग्यांवरच निघतात, तर त्यांचे भाडे आणि लाइफ जॅकेट जूनमध्येच ठरावे. आणि शेवटच्या क्षणी जनावरे नेता आली नाहीत, तर दावे कापून त्यांना मोकळे सोडावे. दाव्याला बांधलेले जनावर उभ्या जागी बुडते. मोकळे सुटलेले ढोर बहुधा उंचवटा गाठते.