पीळ एका बाजूला, टाके दोन्ही बाजूंना

वृषणाला पीळ पडला म्हणून मुलाला तातडीने ऑपरेशनला घेतात, तेव्हा डॉक्टर आई-वडिलांना सांगतात, 'दुसरी बाजूही टाके घालून पक्की करतो.' चांगल्या बाजूला कशाला हात लावायचा, असं त्या धावपळीतही वाटतंच. उत्तर मुलाच्या जन्मजात ठेवणीत आहे.

वृषण ज्या रज्जूला लोंबतं, त्यातूनच त्याच्या रक्तवाहिन्या जातात. बहुतेकांमध्ये वृषणाची मागची बाजू पिशवीच्या भिंतीला धरून असते. काहींमध्ये मात्र वृषणाभोवतीचं पातळ आवरण त्याला चहूबाजूंनी वेढून रज्जूवर चढलेलं असतं. मग वृषण घंटेतल्या लोलकासारखं मोकळं झुलतं आणि कधीही, अगदी झोपेतही, गरकन फिरू शकतं. ही ठेवण बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना असते. म्हणून टाके दोन्हीकडे.

साधारण 12 ते 18 या वयात धोका सर्वाधिक. पीळ बसला की आधी शिरा दबतात, वृषण सुजतं, मग धमनीही बंद होते. 6 तासांत पीळ सोडवला तर वृषण बहुतेकदा वाचतं. 24 तास उलटले तर क्वचितच. त्यात या वयातली मुलं लाजेने 'पोटात दुखतंय' एवढंच म्हणतात. अशा वेळी आई-वडिलांनी संकोच न करता खाली दुखतंय का, हे विचारायलाच हवं.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती आपोआप सुटणाऱ्या पिळाची. एका बाजूला अचानक जीवघेणी कळ येते, मळमळतं आणि थोड्या वेळाने सगळं शांत. नंतर केलेल्या सोनोग्राफीत रक्तपुरवठा नीट दिसू शकतो आणि घरचे निर्धास्त होतात. असं पुन्हा पुन्हा होत असेल, तर पुढचा पीळ सुटेलच याची खात्री नसते. अशा मुलाचं ऑपरेशन वेळ ठरवून करता येतं, वृषण धडधाकट असतानाच. डॉक्टरांनी हाताने पीळ सोडवला आणि दुखणं थांबलं, तरी ऑपरेशन टळत नाही. थोडा पीळ उरलेला असू शकतो आणि मोकळी ठेवण तर तशीच असते.

या ऑपरेशनला ऑर्किडोपेक्सी म्हणतात. पिशवीवर छोटी चीर देऊन वृषण आतल्या भिंतीला दोन-तीन ठिकाणी टाक्यांनी बांधतात. टाके सहसा न विरघळणारे वापरतात, कारण विरघळणारे वापरल्यावर पुन्हा पीळ पडल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. काही सर्जन वृषणातून सुई नेणं टाळतात आणि त्वचेखालच्या थरात कप्पा करून ते तिथे बसवतात. कोणती पद्धत सरस, यावर सर्जनांमध्ये एकमत नाही.

दोन्हींपैकी कोणत्याही पद्धतीनंतर पुन्हा पीळ पडणं दुर्मीळ आहे, अशक्य नाही. त्यामुळे ऑपरेशननंतर काही वर्षांनी तशीच कळ आली, तरी लगेच हॉस्पिटल गाठायचं आणि आधी काय केलं होतं ते तिथल्या डॉक्टरांना सांगायचं. त्यासाठी डिस्चार्जचा कागद जपून ठेवा.