क्लो द वूजो: एक भिंत आणि ऐंशी खातेदार

फ्रान्सच्या बर्गंडी भागात दिजोनहून दक्षिणेला बोन गावाकडे निघालं की उजव्या हाताला द्राक्षमळ्यांचा उतार लागतो. वूजो गावापाशी त्या उतारावर एक लांबच लांब दगडी भिंत दिसते. भिंतीच्या आत सुमारे 50 हेक्टर, म्हणजे सव्वाशे एकरांच्या आसपास, सलग द्राक्षं. हा ‘क्लो द वूजो’. फ्रेंचमध्ये ‘क्लो’ म्हणजे कुंपण घातलेली वाडी. बाहेरून बघणाऱ्याला ही एकाच घराण्याची जमीन वाटते. प्रत्यक्षात आत ऐंशीच्या आसपास मालक आहेत. एकाच नावाच्या वाइनची एक बाटली अप्रतिम आणि दुसरी साधारण का निघते, हे समजायचं तर या खातेफोडीचा इतिहास बघावा लागतो.

सुरुवात मठापासून होते. 1098 मध्ये इथून जवळच सीतो इथे सिस्टर्शियन साधूंचा मठ उभा राहिला. प्रार्थनेइतकंच अंगमेहनतीला महत्त्व देणारा हा पंथ. पूजेसाठी वाइन हवी, मठाची जमीन सखल आणि दलदलीची, म्हणून त्यांनी उताराकडे मोर्चा वळवला. बाराव्या शतकाच्या सुरुवातीपासून जमीनदारांनी दान दिलेले तुकडे, त्याला जोडून विकत घेतलेले, अदलाबदल केलेले तुकडे असं करत सलग रान तयार झालं. 1336 पर्यंत भिंतही पूर्ण झाली. सव्वादोनशे वर्षं एखाद्या संस्थेने तुकड्याला तुकडा जोडत राहावं, ही चिकाटी मला या मळ्याच्या वाइनपेक्षाही मोठी वाटते.

साधूंनी आणखी एक काम केलं, ते म्हणजे निरीक्षण. पिढ्यान्पिढ्या तेच रान कसताना कुठल्या पट्ट्यातली द्राक्षं आधी पिकतात, कुठे पाणी साचतं, हे त्यांच्या लक्षात येत गेलं. वरच्या अंगाला माती उथळ, खाली चुनखडीचा दगड, पाण्याचा चटकन निचरा. मधला पट्टाही चांगला. हमरस्त्यालगतच्या तळाकडे मात्र जड, चिकण माती, पाऊस झाला की ओल हटत नाही. वरची वाइन पोपला, मधली बिशपांना आणि खालची मठाला, अशी एक आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, मातीतला फरक खरा आहे. मठाच्या काळात मात्र पूर्ण वाडी एकाच्याच हातात असल्याने वरचा आणि खालचा रस एकत्र करून वाइनचा तोल साधता येत असे.

मळ्यातल्या जुन्या वास्तूत ओक लाकडाची चार अजस्र दाबयंत्रं आजही उभी आहेत. झाडाच्या अख्ख्या खोडांच्या तुळया, एका टोकाला लाकडी मळसूत्र. ते फिरवलं की तुळई हळूहळू खाली येते आणि चोथ्यातला उरलासुरला रस निघतो. याच वास्तूला जोडून 1551 मध्ये मठाधिपती जाँ लुआझिए यांनी आज दिसणारा वाडा बांधून घेतला.

मग फ्रेंच राज्यक्रांती झाली. चर्चची मालमत्ता सरकारजमा झाली आणि 1791 मध्ये मळ्याचा लिलाव झाला. 1818 मध्ये तो ज्यूल उव्रार यांच्याकडे आला आणि नंतरही काही दशकं अखंड राहिला. 1889 मध्ये मात्र सहा व्यापाऱ्यांनी मिळून तो घेतला आणि फाळणी सुरू झाली. पुढे विक्री होत गेली, शिवाय फ्रेंच वारसा कायद्याने सगळ्या मुलांना वाटा मिळत गेला. वाटण्यांमुळे शेताच्या चिंधड्या कशा होतात, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. आज इथे काही मालकांच्या वाट्याला वेलींच्या जेमतेम काही ओळी आहेत.

त्याच सुमारास अमेरिकेतून आलेल्या फिलोक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सभर वेलींची मुळं खाल्ली. उपाय निघाला तो अमेरिकन खुंटावर फ्रेंच वेलीचं कलम. नाशिकचा बागायतदार डॉगरिजच्या खुंटावर डोळा भरतो, त्यामागचं तंत्र हेच, फक्त आपल्याकडे कारण क्षार आणि पाण्याचा ताण हे आहे.

इथलं द्राक्ष म्हणजे पिनो न्वार. लहान घट्ट घड, पातळ साल, रस जवळजवळ बिनरंगी. सगळा रंग सालीत असतो, म्हणून रस सालींसकट हौदात आंबवतात. आंबू लागलं की सालं वर येऊन त्यांचा जाड थर धरतो आणि तो रोज दाबून रसात बुडवावा लागतो. पूर्वी माणसं हौदात उतरून हे पायांनी करत आणि वर साचणाऱ्या वायूने गुदमरण्याचा धोका पत्करत. त्यानंतर वाइन 228 लिटरच्या ओकच्या पिंपांत साधारण वर्ष-दीड वर्ष मुरते. तिथे कच्च्या सफरचंदातलं आंबट आम्ल जाऊन दह्यातलं सौम्य आम्ल तयार होतं आणि जिभेला लागणारी धार बोथट होते.

1937 मध्ये या मळ्याला सरकारी मानांकन मिळालं तेव्हा भिंतीआतली जमीन वरपासून खालपर्यंत ‘ग्राँ क्र्यू’, म्हणजे सर्वोच्च दर्जाची ठरली. साधूंनी जोखलेला फरक कागदावर पुसला गेला. हा निर्णय मला पटत नाही. जाणकार त्यामुळेच लेबलवर मळ्याच्या नावाआधी उत्पादकाचं नाव वाचतात आणि त्याची जमीन उतारावर नेमकी कुठे आहे, हे विचारतात. तळाच्या मातीतही मेहनती माणूस उत्तम वाइन काढतो, हेही तितकंच खरं.

1944 पासून वाडा ‘शेव्हालिए द्यु तास्तव्हँ’ या वाइनप्रेमींच्या मंडळाकडे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने आहे. तिथे मेजवान्या होतात, पण वाइन बनत नाही. हंगामात बहुतेक मालक आपापले घड तोडून क्रेटमध्ये भरतात आणि भिंतीबाहेर, आपापल्या गावच्या तळघरांकडे घेऊन जातात.